लिंक एकच ठेवायची

नाशिक,
२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जयभीम.

परवा फोनवर मी विचारलं, पुस्तकांचे गठ्ठे घरी पोचले का, आणि तू म्हणालीस, "बरी आहे, थंडी फार आहे." मेसेज केला तर तू उत्तर देत नाहीस, कारण तुझ्या मते मेसेज म्हणजे फलाटावरून मारलेली हाक. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. नीट वाच आणि नीट उत्तर दे.

'लेट आहे, येईल' छापून झालं. मनमाड स्टेशनच्या चौकशी खिडकीत लोकांनी तुला विचारलेले प्रश्न आणि तू दिलेली उत्तरं आता पुस्तकात आहेत. पण ती तुझ्या पलंगाखाली राहून उपयोग नाही. माझ्या ऑफिसात आम्ही दिवसभर हेच करतो. मसाल्यांची, क्लासची, एका दातांच्या डॉक्टरांची इंटरनेटवर जाहिरात. तेव्हा या बाबतीत जरा माझं ऐक.

इंटरनेटवर तुझ्या पुस्तकाची सध्या तीन पानं आहेत. एक मोठ्या ऑनलाइन दुकानाचं, जिथे लोक चपलांपासून पुस्तकांपर्यंत सगळं मागवतात. दुसरं छापखान्याचं, त्यात तुझा फोटो आडवा पडलाय. तिसरं मी तुझ्यासाठी बनवलेलं, फक्त तुझं. जाहिरात करताना यातल्या एकाच पानाची लिंक सगळीकडे द्यायची असते. तीन दिल्या की माणूस गोंधळतो आणि एकही उघडत नाही. माझं मत दुकानाच्या पानाला. तिथे वाचक तारे देतात, अभिप्राय लिहितात. तारे वाढले की पुस्तक आपोआप वर येतं.

आणखी एक. बाबांनी पुस्तक वाचलं. ते म्हणतात, सहा वीसची पॅसेंजर ताईने सहा दहाला सोडलीय. चुकांची चिठ्ठी छापून आत चिकटवू का?

तुझी,
तेजल


मनमाड,
७ डिसेंबर २०२४

चि. तेजल,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी बिलकुल चिकटवायची नाही. पॅसेंजर सहा दहालाच राहू दे. तुझ्या बाबाला सांग, त्याने आयुष्यात ती गाडी कधी पकडली नाही, नेहमी चुकवली, तेव्हा त्याने वेळ सांगू नये.

आता तुझी तीन पानं. मला माझंच पान हवं. त्याच्यावर एक चौकोन कर. वर मोठ्या अक्षरात लिही : "पुस्तकात चूक आढळल्यास नावगावासह कळवावे." त्याच पानाची जाहिरात कर.

कारण सांगते. दुकानातून कोणी पुस्तक घेतलं तर दुकान मला त्याचं नाव सांगणार का? नाही ना? मग मला कसं कळणार माझं पुस्तक कोणाच्या हातात गेलं? मी खिडकीच्या आत बसलेली बाई. समोर कोण उभं आहे ते दिसलं नाही तर मला बोलणं सुचत नाही. तारे घेऊन मी काय करू, लुगड्याला लावू?

चौकोन विसरू नको. चौकोन महत्त्वाचा.

आत्या


नाशिक,
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

चौकोन केला. तुझ्या पानाचीच लिंक सगळीकडे दिली आहे. फेसबुकवर, जुन्या रेल्वेवाल्यांच्या ग्रुपवर, नाशिकच्या वाचकांच्या ग्रुपवर. आता निश्चिंत राहा.

पण आत्या, मी वेडी नाही. एवढा हट्ट चौकोनासाठी कोणी करत नाही. तू कोणाची तरी वाट बघतेयस. मी सातवं प्रकरण पुन्हा वाचलं. रोज दुपारी साडेबाराला खिडकीशी येणारे, निळा मफलर गुंडाळलेले, काही न विचारता पाच मिनिटं थांबून जाणारे गृहस्थ. तू लिहिलंयस, "त्यांनी कधी प्रश्न विचारला नाही आणि मी कधी उत्तर दिलं नाही." हे वाचून आईने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "म्हणून लताताईंनी लग्न केलं नाही."

खरं सांग, चौकोन त्यांच्यासाठी आहे का? मी कोणाला सांगणार नाही. आईला माहीत आहेच.

तुझी,
तेजल


मनमाड,
४ जानेवारी २०२५

चि. तेजल,

मफलरवाल्यांबद्दल मी काही बोलणार नाही. तुझ्या आईला चष्मा लावायला सांग.

तीन आठवडे झाले. शेजारच्या मास्तरांच्या मुलीकडून मी रोज माझं पान उघडून घेते. चौकोनात एकही अक्षर नाही. सगळीकडे लिंक दिली आहे म्हणतेस, मग माणसं गेली कुठे? मला तुझ्या कामात नाक खुपसायचं नाही, पण मीही हात जोडून बसलेली नाही.

आमच्या स्टेशनवरचा बुधा तुला आठवत असेल, सामान उचलायचा. तो आता निफाडला द्राक्षाच्या पॅकिंग शेडवर मुकादम आहे. मी माझ्या पानाचा तो काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन, मोबाईल धरला की पान उघडतं तो, माझ्या फोटोसकट स्टिकरवर छापून घेतला आणि त्याच्याकडे दिला. म्हटलं, निफाडच्या बाजूला वाटून टाक. त्या भागात आमच्या खात्यातली बरीच माणसं राहतात. बुधा फार विश्वासू आहे. त्याने एकही स्टिकर वाया जाऊ दिला नाही म्हणे.

आत्या


नाशिक,
२० जानेवारी २०२५

ती. आत्या,

बुधाकाकांनी स्टिकर माणसांना वाटले नाहीत. द्राक्षांच्या पेट्यांवर लावले.

तुझ्या चौकोनात आत्तापर्यंत एक्केचाळीस जणांनी लिहिलंय. नमुने देते. सिलिगुडीहून एकाने कळवलंय, "अंगूर मीठा है लेकिन डंठल सूखा." पाटण्याहून एक बाई विचारतात, पुढची गाडी कधी. मला वाटलं रेल्वेची, तर त्या द्राक्षाच्या ट्रकबद्दल विचारत होत्या. एकाने तक्रार केली की पेटीवर बाईचा फोटो आहे आणि आत बाईबद्दल काहीच माहिती नाही. कृपा करून बुधाकाकांना थांबव. हंगाम अजून दोन महिने आहे.

बाकी विक्री चांगली चाललीय. दुकानाच्या पानावर सव्वीस अभिप्राय आलेत, बहुतेक पाच तारे. फक्त एका खडूस वाचकाने एक तारा दिला आणि चुकांची यादी लावली. वर तुझ्या कानांवर बोलायची काही गरज होती का? माझं डोकं फिरलं. असलं लिहिणं म्हणजे माणसाच्या व्यंगावर बोट ठेवणं, अशी दुकानाकडे तक्रार करून टाकली. काढतील ते. तू मनाला लावून घेऊ नको.

तुझी,
तेजल


मनमाड,
२३ जानेवारी २०२५

तेजल,

द्राक्षांचं नंतर बघू.

तू लिहिलंस, दुकानाच्या पानावर सव्वीस अभिप्राय. जाहिरात माझ्या पानाची चालली असताना सव्वीस माणसं दुकानात कशी गेली, ते मला नीट समजावून सांग.

त्याच्याआधी एक काम. त्या एक तारावाल्याने काय लिहिलंय ते शब्दन् शब्द उतरवून पाठव. तुला आवडला नाही म्हणून एकही शब्द गाळायचा नाही. खाली नाव असेल तर नाव. गाव असेल तर गाव.

आत्या


नाशिक,
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

माझं चुकलं. पहिल्या दिवसापासून मी सगळीकडे दुकानाचीच लिंक दिली होती. तुझ्या पानाची कुठेच नाही. मला वाटलं, तुझा हट्ट सांभाळावा आणि पुस्तकही विकावं. धंद्याच्या दृष्टीने बरोबर होतं, पण तुझ्याशी खोटं बोलले.

तो अभिप्राय असा आहे :

"पुस्तक दोन दिवसांत वाचून झाले. पान १२ : सहा वीसची पॅसेंजर सहा दहाला लिहिली आहे. लेखिकेने ती गाडी हजारो वेळा पुकारली आहे, त्यामुळे ही चूक अक्षम्य. पान १९ : चौकशी कार्यालयात एक पंखा नव्हता, दोन होते. दुसरा माझ्या डोक्यावर होता. पान ३४ : चहा दोन नंबरच्या फलाटावरून येत नसे, एक नंबरवरून येई. याशिवाय इतर चुका आहेत, जागा पुरत नाही. पान ६१ : 'कोणीतरी तक्रार केली आणि माझा माईक गेला' असे लिहिले आहे. कोणीतरी नव्हे. मी केली. लेखी केली, खाली सही करून केली. लेखिकेला तेव्हाही ऐकू येत नव्हते. नाव लिहायला हवे होते. एल. के. आहेर, ओझर."

आत्या, हे मी माझ्या मोबाईलमधल्या फोटोवरून उतरवलंय. दुकानाने परवाच तो अभिप्राय काढून टाकला. माझ्या तक्रारीवरून.

कोण आहेत हे?

तेजल


मनमाड,
३० जानेवारी २०२५

चि. तेजल,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. आधी खूप हसले, मग शेवटच्या चार ओळींशी पोचले आणि हसू गेलं.

ती लंका. लंका आहेर. आम्ही दोघी एकोणीस वर्षं त्या खोलीत शेजारी शेजारी बसलो. तिच्याइतकी काटेकोर बाई मी पाहिली नाही. कोणी भिंतीवरच्या सूचनेत ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर स्टुलावर चढून खडूने दुरुस्त करायची. चुकीची गोष्ट समोर दिसली आणि लंका गप्प बसली, असं कधी झालं नाही.

ते मला माहीत होतं. म्हणून पॅसेंजर मी मुद्दाम सहा दहाला सोडली. एक पंखा मुद्दाम काढला. चहा मुद्दाम दुसऱ्या फलाटावरून आणला. पुस्तक तिच्या हाती पडलं तर ती लिहिल्याशिवाय राहणार नाही, एवढी मला खात्री होती. चौकोन तिच्यासाठी होता. दुसऱ्या कोणासाठी नाही.

आता पान एकसष्ट. २००३ सालची गोष्ट. कंट्रोल रूमचा फोन आला, गाडी पाच नंबर फलाटावर. मला ऐकू आलं चार. मी चार पुकारलं. गाडी पाचवर शिरली आणि माणसं घाईने रुळांत उतरून पलीकडे पळाली. चांदवडच्या एका म्हातारीचा हात मोडला. त्याच्याआधी लंकाने मला तीनदा सांगितलं होतं, "लता, कान दाखवून घे." मी तिला म्हटलं होतं, तूच हळू बोलतेस. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना लेखी दिलं. माझा माईक काढला, मला फायलींच्या खोलीत बसवलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या वर्षी तिची बदली झाली, ती जाताना दारात उभी राहिली होती, आणि मी फाईल वाचत बसले. फाईल उलटी होती.

पुढे सहा वर्षांनी कानाचं मशीन घेतलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कान दहा वर्षांपासून जात होते. तेव्हापासून मला माहीत आहे की तिने केलं ते बरोबर केलं. मी माईकवर राहिले असते तर हाताऐवजी जीव गेला असता. पण हे तिला जाऊन सांगायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता. पुस्तकात लिहू म्हटलं. लंकाचं नाव चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी 'कोणीतरी' लिहून मोकळी झाले. ती काही मुद्दाम केलेली चूक नव्हती. ते माझं भित्रेपण.

आणि आता बघ काय झालं. इतक्या वर्षांनी तिने मला लिहिलं आणि ते गायब झालं. तिला वाटणार, लताने तक्रार करून काढायला लावलं. सूड घेतला.

तू केलेलं आहे, तू निस्तर. ओझर नाशिकपासून काही लांब नाही. तिचा मुलगा रविराज विमानाच्या कारखान्यात आहे, असं मागे ऐकलं होतं. शोध आणि जा. मुद्दाम केलेल्या चुकांबद्दल तिला काही सांगू नको. ते मी सांगेन, जर तिने मला दारात घेतलं तर.

आत्या


नाशिक,
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

काल रविवारी ओझरला जाऊन आले. टाऊनशिपमध्ये तिसऱ्या घराला घर सापडलं, कारण दारावरच्या पाटीत "आहेर"च्या खाली कोणीतरी पेनने "बेल दोनदा वाजवू नये, एकदा ऐकू येते" असं लिहिलं होतं.

दार त्यांनीच उघडलं. उंच, ताठ, केस पांढरेशुभ्र.

मी म्हटलं, "मी तेजल पगारे. लता पगारेंची भाची."

"आभाराच्या पानावरची?"

"हो."

"तिथे तुझं नाव 'तजेल' छापलंय. बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. आत्या, खरंच तसं छापलंय. तूही बघितलं नाहीस, बाबांनीही नाही.

त्यांनी बसवलं, पाणी दिलं. टेबलावर तुझं पुस्तक होतं, पानापानांवर पेन्सिलीच्या खुणा. मी सरळ सांगून टाकलं. "तुम्ही लिहिलेलं दुकानाच्या पानावरून गेलं ते आत्यामुळे नाही. तिला माहीतही नव्हतं. तक्रार मी केली."

"काय म्हणून?"

"तुम्ही लिहिलं होतं, लेखिकेला तेव्हाही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही तिची थट्टा करताय."

त्यांनी टेबलावरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "तेव्हाही खात्यात सगळ्यांना असंच वाटलं. कोणी म्हणालं, लंकाला एकटीला माईक हवाय. मला माईक नको होता. ती शेजारी नसताना त्या खोलीत बसवत नव्हतं."

मी म्हटलं, "मला माफ करा." त्या म्हणाल्या, "तू घरी येऊन सांगितलंस, म्हणजे झालं." मग चहा करायला उठल्या आणि आतून विचारलं, "ती मशीन कोणत्या कानाला लावते?"

"डाव्या."

"डावाच जाणार. फोन डाव्या कानाला दाबून धरायची, उजव्या हाताने लिहायची. दिवसभर तेच."

तुझी तब्येत, तुझी औषधं, तू एकटी राहतेस की कोण असतं सोबतीला, सगळं विचारलं. नंतर मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकू, सातव्या प्रकरणातले मफलरवाले तुम्हाला आठवतात का?"

त्यांनी पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि म्हणाल्या, "हे माझे थोरले दीर. मी डबा विसरायचे, तो ते साडेबाराला आणून द्यायचे. बोलायचे नाहीत, कारण तोंडात तंबाखू असायची. लताने एवढं मोठं प्रकरण लिहिलंय त्यांच्यावर. मी घरी कोणाला वाचून दाखवलं नाही."

आत्या, हे आईला तूच सांग. माझ्याच्याने होणार नाही.

तुझी,
तेजल (तजेल नव्हे)


ओझर,
१२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती लता पगारे यांस,
सप्रेम नमस्कार.

तुझी भाची येऊन गेली. मुलगी बरी आहे. बोलताना समोर बघते.

मी एक तारा दिला त्याचा राग मानू नकोस. तारा दिल्याशिवाय लिहू देत नव्हते, आणि शून्याची सोय नव्हती. चुका होत्या त्या होत्या. पण पुस्तक मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा पेन्सिल न घेता.

पान एकसष्टबद्दल माझे म्हणणे कायम आहे. मी तक्रार केली, ती पुन्हा करीन. पण त्याआधी तुला घेऊन डॉक्टरकडे जायला हवे होते. तुला नुसते सांगत राहिले. तू ऐकत नाहीस म्हणून चिडले. तुला ऐकूच येत नव्हते, हे मी साहेबांना लिहून दिले आणि मला स्वतःला ते समजले नव्हते.

बुधवारी रविराज पहिल्या पाळीला असतो, सूनबाई शाळेत. घर मोकळे असते. यायचे असल्यास ये. येताना पुस्तकाची कोरी प्रत आण, माझ्या प्रतीत खुणांना जागा राहिली नाही. बसमध्ये कंडक्टर काय ओरडतो ते तुला कळणार नाही, म्हणून सोबत चिठ्ठी पाठवते. त्याला दाखव. तो बरोबर फाट्यावर उतरवेल.

लंका


मनमाड,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,
अनेक आशीर्वाद.

परवा ओझरला गेले. कंडक्टरला चिठ्ठी दाखवली. त्याने ती ड्रायव्हरला दिली, ड्रायव्हरने समोर काचेला अडकवली, आणि फाटा आल्यावर दोघांनी मिळून मला उतरवलं. लंका फाट्यावर उभी होती. मी काही बोलायच्या आत तिने घड्याळ दाखवलं. बस वीस मिनिटं लेट होती, तेवढा वेळ ती उन्हात उभी.

घरी गेल्यावर तिने टेबलावर वही ठेवली. ती बोलायची ते तिथे लिहायची. मी म्हटलं, मशीन आहे, थोडं ऐकू येतं. तिने लिहिलं, "थोडं ऐकून तू काय केलं होतंस ते आठवतं मला."

मग मी माझं सांगितलं. आधी चुकांचं. म्हटलं, "लंका, पॅसेंजर, पंखा आणि चहा या तीन चुका मी मुद्दाम केल्या. तू लिहावंस म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वहीत लिहिलं, "तीन? मला सतरा सापडल्या."

बाकीच्या चौदा माझ्या स्वतःच्या, तेजल. तिने एकेक दाखवली. दोन ठिकाणी मी इगतपुरी मनमाडच्या पुढे नेऊन ठेवलीय. मी कपाळाला हात लावला, ती हसायला लागली. पदर तोंडावर धरून हसत होती, अगदी पूर्वी साहेब खोलीतून बाहेर गेले की हसायची तशी. मला आवाज येत नव्हता, पण खांदे दिसत होते.

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, "तू तक्रार केलीस ते बरोबर केलंस. मला कळून पंधरा वर्षं झाली, पण मी आले नाही." ती लिहायला लागली, दोन शब्द लिहून खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. शेवटी पेन ठेवलं आणि माझा हात धरून बसली. चहावर साय आली तरी तिने तो कपात ओतला नाही. काटेकोर बाई, पण तो चहा वाया गेला.

आता पुस्तकाचं. लंकाला तुझं-माझं लिंकचं भांडण सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती तुझ्या बाजूची निघाली. तिचं म्हणणं, फलाटावर माणूस हरवला की आपण त्याला चार ठिकाणी बोलावत नव्हतो, एकाच ठिकाणी बोलावत होतो. आणि जिथे सगळ्यांना रस्ता माहीत आहे, तेच ठिकाण सांगायचं. तिलाही पुस्तक दुकानाच्याच पानावर सापडलं. तुझ्या लिंकवरून, रविराजच्या ग्रुपवर. माझ्या चौकोनापर्यंत ती कधी पोचलीच नसती. निफाडची एक पेटी तिच्या घरी आली होती म्हणे, स्टिकर तिने खरवडून काढला, द्राक्षं स्वच्छ दिसावीत म्हणून.

तेव्हा जाहिरात दुकानाच्याच पानाची कर. मी हरले. पण माझं पान बंद करायचं नाही. तिथे लंका पूर्ण शुद्धिपत्र लिहून देणार आहे, सतराच्या सतरा चुका, आणि दुकानाच्या पानावर तळाला एक ओळ टाक की चुका बघायच्या असतील तर इकडे या. लंका म्हणते, लोक पुस्तकापेक्षा तेच जास्त वाचतील. मला तिच्या बोलण्याचा राग आला नाही, याचंच मला नवल वाटतं. आता दर बुधवारी जायचं ठरलंय. एक बुधवार तिच्याकडे, एक माझ्याकडे. सातव्या प्रकरणावरून अजून भांडण बाकी आहे. ते काढायचं नाही असं मी सांगितलंय. तुझ्या आईला तोंडाने काही सांगू नको, तिला पुस्तकातलं तेवढंच राहू दे.

दुसऱ्या आवृत्तीचं काम मात्र आजच घे. बाकीच्या दुरुस्त्या सावकाश कर, पण पान एकसष्ट आधी. तिथलं 'कोणीतरी' काढ. त्या जागी पूर्ण नाव घाल, नुसती आद्याक्षरं नकोत, आणि छापायला देण्याआधी दोनदा तपासून बघ : लंका कारभारी आहेर.

आत्या